डोहाकाठी माणूस बसवा

मुळशीच्या पलीकडे घाटमाथ्याला चिकटून माझ्या मामाचं गाव आहे, आणि गावाखाली अर्धा तास उतरलं की एक कोंड, म्हणजे नदीतला खोल डोह, लागतो. नाव लिहीत नाहीये, मुद्दाम, कारण नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे चाळीस गाड्या लागतात. तर या कोंडाच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड आहेत, साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी. लहानपणी मे महिन्यात आम्ही पोरं पोहायला जायचो तेव्हा आधी आसरांच्या पाया पडायचं, मग मामा कातळावर बिडी काढून बसणार, मग आम्ही उतरायचं, आणि मामा बसला नसेल तर उतरायचं नाही, विषय संपला. पाठीला रिकामा डालड्याचा डबा बांधलेला असायचा. भर दुपारी एकट्याने जायचं नाही, आसरा ओढतात. पहिला पाऊस पडला की दसऱ्यापर्यंत कोंडाकडे फिरकायचं नाही, आसरा ओढतात. वरून धार पडते आणि पाणी पांढरं होतं तिथे तर कधीच नाही, तिथे त्यांचं घरच आहे.

कॉलेजात गेल्यावर मी हे सगळं हसण्यावारी नेलं अर्थातच. पुढे जरा वाचन झालं, दोन-चार रेस्क्यूवाल्यांशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की यातला एकही नियम चुकीचा नव्हता, फक्त कारण सांगायच्या ऐवजी देवी सांगितली होती.

गेल्या पावसाळ्यात गेलो तर कोंडाकडे उतरणाऱ्या वाटेवर फ्लेक्स. धोकादायक ठिकाण, प्रवेश बंद, आदेशाचं उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई होईल वगैरे. फ्लेक्सपाशी कोणी नाही. फ्लेक्सच्या डाव्या बाजूने करवंदीच्या जाळीतून एक नवीन पायवाट पडलेली, आणि खरं सांगतो, ती जुन्या वाटेपेक्षा दुप्पट निसरडी, कारण जुन्या वाटेला निदान गावकऱ्यांनी दगड लावून पायऱ्या केल्या होत्या. खाली पंधरा-वीस पोरं, जीन्स घालून, पांढऱ्या पाण्यात. मामा आता थकलाय, खाली उतरत नाही. त्याच्या जागी फ्लेक्स बसलाय.

दरवर्षी जूनच्या शेवटी आपल्याकडे धबधबे आणि डोहांवर जी सरसकट बंदी येते ना, तिने नदी सुरक्षित होत नाही, फक्त ऑफिस सुरक्षित होतं, हे मला आता पटलंय. कुणी बुडालं तर आम्ही बंदी घातली होती असं म्हणायची सोय होते. ज्याला आदेश पाळायची सवय आहे तो तसाही लाइफजॅकेट घालणारा, गाइड घेणारा माणूस असतो, तो घरी बसतो, आणि ज्याला पर्वा नाही तो करवंदीतून जातो. म्हणजे बंदीने गर्दीतली शहाणी माणसं तेवढी गाळली जातात आणि उरलेली मोकाट राहतात. वर गावातले गाइड, चहावाले त्या दिवशी तिथे नसतातच, कारण त्यांचं दुकानच बंद केलेलं असतं, त्यामुळे काही झालं तर हाक मारायलाही कोणी नाही.

३० जून २०२४ चा भुशी डॅमचा व्हिडिओ बहुतेकांनी बघितला असेल. पुण्याचं कुटुंब, धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात मधोमध अडकलेलं, एकमेकांना घट्ट धरून उभे, आणि पाणी वाढत गेलं आणि ते पाच जण वाहून गेले, त्यात चार लहान मुलं. मला तो व्हिडिओ पूर्ण बघवला नाही. पण काठावरच्या लोकांचे आवाज लक्षात राहिले, माणसं भरपूर होती, ओरडत होती, कुणाकडे दोरी नव्हती. एक साधी दोरी. लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या टीम नंतर शोधाला उतरल्या, आणि ही सगळी मंडळी आपापले कामधंदे सांभाळून हे करतात, पण ती पोचेपर्यंत डोंगरातलं पाणी थांबत नसतं.

त्यानंतर काय झालं तर जिल्ह्यात आदेश निघाले, संध्याकाळी सहानंतर थांबायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, रील काढायचं नाही. दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, असे आदेश ज्याखाली निघायचे ते जुनं कलम १४४ जाऊन त्या जागी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं, तेवढा बदल झाला. भुशी डॅम मुळात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून बांधलेला, जंगल म्हटलं की वनखातं आलं, रस्ता आणखी कुणाचा, पार्किंग आणखी कुणाचं, पोलीस वेगळे. आता एवढ्या सगळ्यांमध्ये दोरी कोणी ठेवायची हे ठरवायचं तर मीटिंगच लागेल. म्हणून मग सगळ्यांना परवडणारी गोष्ट म्हणजे बोर्ड.

बोर्डाचं काय होतं ते पुढच्याच वर्षी दिसलं. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. त्या पुलावरही धोक्याचा बोर्ड होता! आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) दोन्ही दिवस रविवार. मावळात पाऊस सुरू झाल्यावरच्या रविवारी पुणे-मुंबईचे लोक कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, पोलिसांना माहिती असतं, वडापाववाल्याला तर गुरुवारीच माहिती असतं, तो बटाटे जास्त आणतो. मग त्या चार-सहा तासांसाठी तिथे माणूस नसणं हा अपघात कसा?

आता जरा पाण्याबद्दल, कारण आपल्याकडे चर्चा कायम पोरांच्या माजावर होते, पाण्यावर कोणी बोलतच नाही. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं पीत नाही आणि माथ्यापासून कोकणपट्टीपर्यंत उतार एकदम तुटलेला, त्यामुळे वर घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली यायला दिवस लागत नाहीत, काही वेळा अर्धा तासही नाही. आणि पाऊस म्हणजे किती, तर जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला, म्हणजे जवळपास २२ इंच, चोवीस तासांत. खाली डोहावर ऊन पडलेलं असतं, पोरं मजेत असतात, आणि वर ढग फुटल्यासारखा कोसळत असतो. लोंढा यायच्या आधी खुणा दिसतात, पाणी अचानक गढूळ होतं, काटक्या-पानं वाहत यायला लागतात, आवाज जड होतो. गावातल्या दहा वर्षांच्या पोराला हे कळतं. हिंजवडीत काम करणाऱ्या तीस वर्षांच्या इंजिनियरला कळत नाही आणि त्यात त्याचा काही दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही.

दुसरं, पांढरं पाणी. धबधब्याखाली पाण्यात एवढी हवा मिसळलेली असते की ते पाणी माणसाला नीट तरंगवत नाही, चांगला पोहणारासुद्धा खाली जातो, आणि पडणारी धार तळाशी जाऊन उलटी फिरते ती त्याला परत धारेखालीच आणते. आसरांचं घर म्हणजे हेच. तिसरं, रांजणखळगे. प्रवाहात गोल फिरणाऱ्या दगडगोट्यांनी हजारो वर्षं कातळ घासून पाडलेले खळगे, वरून बघितलं तर हात-दोन हात रुंद, आत किती खोल आणि आतून कुणीकडे वळलेत ते कळत नाही. कुंडमळ्याला, निघोजला कुकडीच्या पात्रात असे ढिगाने आहेत. उन्हाळ्यात सुंदर दिसतात. पावसाळ्यात त्यावरून दीड फूट पाणी वाहत असतं, पाऊल टाकलं की माणूस गेला. आणि चौथी गोष्ट सगळ्यात वाईट, एक बुडायला लागला की त्याला न पोहता येणारा दुसरा वाचवायला उडी मारतो, मग तिसरा. पेपरात एकाच घरातले तिघे बुडाले अशी बातमी येते ती बहुतेक वेळा अशी असते.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग बंदीच बरी की. थांबा जरा.

कुंडलिका नदी घ्या. तिच्या उगमाकडे देवकुंड. भिऱ्यातून जंगलातून दीड-दोन तास चालत जायचं, वाटेत ओढे लागतात, शेवटी उंच कड्यातून पडणारी धार आणि खाली हिरवा-निळा डोह. पावसाळ्यात इथे बहुतेक वर्षी बंदी असते. तिथल्या वाटेवर डोहापेक्षा जास्त लोक अडकतात ते ओढ्यांना, सकाळी घोटाभर पाण्यातून गेलेले संध्याकाळी परत येतात तर छातीभर. आता त्याच नदीने खाली कोलाडकडे या. तिथे वर्षानुवर्षं राफ्टिंग चालतं, पुण्या-मुंबईच्या पोरांना भरभरून बोटी, पाणी चांगलं खळाळतं, आणि सगळं वेळेवर, कारण मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, टाटांचं १९२७ चं केंद्र, तिथून सोडलेल्या पाण्यावर हे राफ्टिंग चालतं आणि पाणी कधी सोडणार ते माहिती असतं. प्रत्येकाला जॅकेट, डोक्याला हेल्मेट, बोटीत गाइड, आधी काठावर दहा मिनिटं सूचना. गाइड कोण, तर बरीचशी आजूबाजूच्या गावातलीच पोरं. पैसे जास्त घेतात, मान्य, पण नदी तीच आहे ना? एका टोकाला आपण पाण्यात माणसं उतरवायची व्यवस्था उभी करू शकलो आणि दुसऱ्या टोकाला फ्लेक्स लावला.

गोव्यातही तेच. दूधसागरला सीझनमध्ये कुळ्यातून जीपने जायचं, वनखात्याची फी, लाइफजॅकेट सक्तीचं, ते घातल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. त्याबद्दल कटकट करणारे पुणेकर मी स्वतः बघितलेत, त्यातला एक मीच. ही व्यवस्था चालते. पण पावसाळ्यात ती बंद झाली की काय होतं, तर जुलै २०२३ मध्ये मैनापीच्या धबधब्यात दोघे बुडाल्यावर गोवा सरकारने सरसकट बंदी घातली, आणि त्याच आठवड्यात शेकडो ट्रेकर दूधसागरला जायला रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले, त्यांना पकडून उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. लोक हसले. मला तरी त्यात हसण्यासारखं दिसलं नाही, डोहात बुडायचा धोका होता तो काढून त्यांना रेल्वेपुढे चालायला लावलं, एवढंच त्या बंदीने केलं.

आणि बंदी सगळ्यांना सारखी लागते असंही नाही बरं का. नदीकाठी कुंपण घालून ‘रिव्हर टच’ म्हणून विकलेले बंगले आणि रिसॉर्ट आहेत, त्यांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, तिथे फ्लेक्स नसतो. आठ हजार रुपये रूमवाल्याला तीच नदी उघडी आणि टू-व्हीलरवर डबा बांधून आलेल्याला बंद. नदी कुणाच्या सातबाऱ्यावर नसते असं आपण शाळेत शिकलो होतो.

आता गावाची बाजू, कारण यात मला पर्यटकांचीच वकिली करायची नाहीये. मामीला विचारलं, बंदी असलेली बरी की उठलेली, तर ती पटकन म्हणाली, रविवारची असू दे बंदी. का, तर रविवारी कोंडावर धुणं घेऊन जाता येत नाही, पोरं दारू पिऊन उघडी बसलेली असतात, बाटल्या कातळावर फोडतात, आणि मग सोमवारी अनवाणी गुराख्याच्या पायात काच. आसरांच्या दगडांवर चिप्सची पाकिटं ठेवलेली मी स्वतः उचललीत. गावाचा कोंड गावालाच परका झालाय. आणि हे कोंड नुसते पोहायचे टब नाहीत हेही समजून घेतलं पाहिजे. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनीचं ठिकाण, तिथले मोठाले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही, लोक येऊन त्यांना खायला घालतात. वाड्याजवळ वैतरणेच्या तिळश्याला तसेच देवाचे मासे. कितीतरी ठिकाणी मासेमारी बंद ठेवायचा नियम सरकारच्या आधी गावाने केला आणि पाळला, पोलीस न ठेवता. अशा डोहात साबण-शाम्पू घेऊन उतरणाऱ्याला हाकलायचा अधिकार गावाला पाहिजेच, आणि काही कोंड कायमचे बंद ठेवायचे असतील तर तेही गावाने ठरवावं. ती बंदी मला चालेल. कारण ती पाळून घ्यायला तिथे माणूस असेल.

मग करायचं काय. माझं डोकं काही फार लांब जात नाही, मामाच्या कातळापर्यंतच जातं. ज्या डोहावर लोक जाणारच आहेत तिथे गावातली तीन-चार पोरं-पोरी ट्रेनिंग देऊन, शिट्टी, दोरी, ट्यूब, दहा-वीस जॅकेटं देऊन बसवा. ग्रामपंचायतीची किंवा वन समितीची माणशी ५० रुपये पावती. रविवारी ३०० लोक धरले तर १५,००० रुपये होतात, चार जणांना प्रत्येकी हजार रुपये रोज दिला तरी अकरा हजार उरतात, कचरा उचलायला, जॅकेटं बदलायला. हा काही अभ्यास नाही, पाढ्याचं गणित आहे, चूक असेल तर दुरुस्त करा. कुठपर्यंत जायचं ते दोरी लावून दाखवा, धारेखाली जाणं बंद. वरच्या गावात एक माणूस ठेवा ज्याने पाऊस वाढला की खाली फोन करायचा, आणि जिथे रेंज नाही (बहुतेक ठिकाणी नाहीच) तिथे वॉकीटॉकी. फोन आला की पाच मिनिटांत डोह रिकामा, ऐकलं नाही तर पुढच्या वेळी प्रवेश नाही. आणि जुलै-ऑगस्टचे जोराचे आठवडे खरोखरच बंद, म्हणजे वाटेवर माणूस बसवून बंद, कारण त्या दिवसांत देवकुंडात उतरायला परवानगी द्या असं म्हणणारा मी वेडा नाही.

उलट मला वाटतं पावसाळ्यातच पोहायला जायचं हे खूळ काढून टाकायला पाहिजे. धबधबा बघायचा सीझन आणि डोहात उतरायचा सीझन वेगळा, आपण दोन्ही एकत्र करून टाकलेत. सह्याद्रीत पाण्यात उतरायला खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी निवळलेलं, तळ दिसतो, शेवाळ वाळलेलं, लोंढ्याची भीती जवळपास नाही. धरणाच्या खालचा डोह असेल तर मात्र कधीही विचारल्याशिवाय उतरू नये, तिथे ऊन असतानाही विसर्ग सुटू शकतो. बंदीचा एक छुपा तोटा हा पण आहे की ती सप्टेंबर-ऑक्टोबरात उठली की लोकांना वाटतं आता सगळं सेफ, आणि मग दिवाळीत शांत दिसणाऱ्या डोहात माणूस बुडतो, गाजावाजा न होता, कारण तेव्हा न्यूज चॅनेल धबधब्यांवर नसतात.

सरपंचाशी बोललो यावर. तो हसला. म्हणाला, आज बंदी आहे, कोणी मेलं तर माझं नाव नाही. उद्या मी पावती फाडली आणि कोणी मेलं तर पहिला फोन मला, दुसरा वकिलाला. आणि त्याचं काही चुकत नाही, मला वाटतं सगळी गोची इथेच आहे. जो काळजी घेतो तो अडकतो आणि जो हात झटकतो तो सुटतो अशी आपली रीत आहे. कोणी समितीने ठरलेले नियम पाळले, माणूस बसवला, दोरी ठेवली, आणि तरी एखादा दारू पिऊन कड्यावरून सूर मारून गेला, तर समितीला संरक्षण मिळेल असं लेखी पाहिजे, आणि गटाचा विमा पाहिजे. हे जिल्हा पातळीवर झाल्याशिवाय एकही गाव पुढे येणार नाही, मी सरपंच असतो तर मीही आलो नसतो.

पोहायला शिकवण्याबद्दल एकच सांगतो. देशात दरवर्षी ३८ हजारांच्या आसपास माणसं बुडून मरतात, आणि आपल्या शाळांत पोहणं हा श्रीमंत क्लबचा विषय आहे. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हिवाळ्यात गावच्याच डोहात, गावच्याच माणसाच्या नजरेखाली पोरांना तरंगायला शिकवलं तर काय बिघडेल? पण आज तसं करणाऱ्या मास्तरवर आधी नोटीस येईल.

या नोव्हेंबरात मी माझ्या मुलीला कोंडावर नेणार आहे. ती सात वर्षांची आहे, सोसायटीच्या टँकमध्ये चार फूट पाण्यात पोहते आणि स्वतःला मोठी पोहणारी समजते. मामाला फोन केला होता, म्हणाला गुडघे दुखतात पण येतो, काठी घेऊन हळूहळू उतरतो, तू फक्त माझ्या आधी पोरीला पाण्यात सोडू नको. आणि डालड्याचा डबा आता मिळत नाही, पाच लिटरचा तेलाचा कॅन आण म्हणाला, झाकण घट्ट बघून.